बुधवारचं रक्त

गुरुवार, ९ जानेवारी

थोरल्या,

पुडकं पोचलं. दोरा एवढा आवळून बांधतोस की सोडायला शेजारणीची कात्री मागावी लागली, आणि ती कात्री कधी एकटी येत नाही, शेजारीण घेऊनच येते. काय आलंय, काय आलंय, चाललं होतं तिचं. मी म्हटलं, लोकर आहे. ती म्हणाली, लोकर एवढी खुळखुळते होय?

तुझ्या त्या बारीक पांढऱ्या गोळ्या, नावाची कड कापलेल्या पट्ट्यांतल्या. तू लिहिलंस तशी रोज सकाळी चहानंतर एक घेते. पाचव्या दिवशी अंगावरच्या गांधी गेल्या बघ. दीड वर्ष झालं रे. दीड वर्ष मी मांड्या, पोट, पाठ खाजवत काढलं. पाठीला हात पोचत नाही म्हणून लाटण्याने खाजवायचे, आणि मग तेच लाटणं धुऊन पोळ्या लाटायच्या, हे कुणाला सांगू नकोस. काल दुपारी मी दोन तास सलग झोपले. उठले तर कळेना की मी कुठल्या घरात आहे.

तुझ्या लेकीला, आपल्या ढब्बूला, काही सांगितलेलं नाही. तू नको म्हणालास, म्हणून नाही. तुम्हा दोघांच्या मधे बसून माझी कंबर धरलीय, आणखी एक ओझं कुठे घेऊ?

पत्र का लिहिते म्हणून वैतागू नकोस. फोनवर मला एकाच कानाने ऐकू येतं, तेही निम्मं, आणि तू तिसऱ्या वाक्याला “ठेवतो” म्हणतोस. पत्रात तुला मधे तोडता येत नाही.

आई

गुरुवार, ६ फेब्रुवारी

थोरल्या,

काल बुधवार होता. दर दुसऱ्या बुधवारी मी ढब्बूच्या प्रयोगशाळेत रक्त द्यायला जाते, हे तुला सूनबाईने सांगितलं असेलच. तू विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगते. ऑक्टोबरपासून जातेय. तिला अंगावर गांधी उठणारी माणसं हवी होती, आणि मी म्हटलं, घरात एवढी फुकटची पडलीय, ती घे.

दोन बस बदलून जायचं, तिसरा मजला, लिफ्टला स्पिरिटचा वास. ढब्बू पांढरा डगला घालून दारात उभी असते. काडीसारखी झालीय रे, डगला खुंटीला टांगल्यासारखा दिसतो. तरी माझी ढब्बूच. पाळण्यात मावायची नाही, आठवतं? शिपाई तिला “मॅडम” म्हणतो. मी मुद्दाम त्याला दोनदा काहीतरी विचारते, म्हणजे तो दोनदा मॅडम म्हणतो.

ती काय करते ते मला आता बरंच समजतं. चौथीपर्यंत शिकलेली बाई म्हणून हसू नकोस. रक्तात पांढऱ्या पेशी असतात, शंभरात एकसुद्धा भरत नाही अशी एक जात असते, तिचं नाव बेसोफिल. रंग टाकला की निळ्याकाळ्या दाण्यांनी गच्च भरलेली दिसते. दोन-तीन दिवसांचं आयुष्य. इतकी थोडी म्हणून आधीच्या मोठमोठ्या लोकांनी तिला मोजलीच नाही म्हणे, असेल काहीतरी, म्हणून सोडून दिली. मी म्हटलं, अगं, मी तीस वर्षं कारखान्यात शर्टाची काजं केली. शर्ट शिवणाऱ्याचं नाव व्हायचं, कापणाऱ्याचं व्हायचं. काजाशिवाय शर्ट मिटतो का कुणाचा? तर ढब्बूने मला मिठीच मारली, हातमोज्यांसकट.

सकाळी माझं रक्त काढलं की बाकीच्या सगळ्या पेशींना ती लोखंडाचे बारीक बारीक मणी चिकटवते. चुंबक त्यांना धरून ठेवतो. ज्यांना काही चिकटवलं नाही, त्या तेवढ्या खाली गळून येतात, त्याच आपल्या. मग त्यांना डिवचते आणि चार तास उबेत ठेवते. डिवचल्यावर त्या दोन कामं करतात. एक, खाजेची तयार पुडी असते ती फोडतात. दुसरं, चिठ्ठी लिहितात. चिठ्ठी हा माझा शब्द, तिचा शब्द सायटोकाइन, तो मी तिच्याकडून कागदावर लिहून आणलाय. ही चिठ्ठी वाचून बाकीच्या मोठ्या पेशी कामाला लागतात. कुणी सूज आणतं, कुणी अॅलर्जीची हत्यारं घडवायला बसतं. एवढुशी ती, पण गावभर निरोप.

चिठ्ठी लिहिली की नाही ते कसं कळतं सांगू? शहाण्णव खळग्यांची एक प्लास्टिकची पाटी असते. प्रत्येक माणसाची एक रांग. शेवटचं औषध टाकलं की ज्या खळग्यात चिठ्ठ्या असतील तो पिवळा होतो. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, माझी रांग सगळ्यांत पिवळी, जानेवारीत तेवढी जराशी फिकी. ढब्बू सगळ्यांना दाखवायची, ही माझी आजी. शाळेत माझा कधी नंबर आला नव्हता.

परवा मंगळवारी मात्र, जायच्या आदल्या दिवशी, मी तुझ्या गोळ्या दोन घेतल्या. पाहुणे यायच्या आधी आपण घर झाडून घेतो की नाही, तसं. म्हटलं, पोरीपुढे स्वच्छ रक्त घेऊन जावं, उगीच तिला माझ्या त्रासाची काळजी नको.

फॉर्म भरताना ती दर वेळी विचारते, “आजी, बीपीच्या गोळीशिवाय दुसरं काही? काहीसुद्धा?” मी म्हटलं, नाही गं. एवढ्यासाठी तिने मला यादीतून काढलं तर बुधवार कुठून आणू? बुधवारीच तर ती मला दिसते.

आणि खरं सांगू, तुझंही नाव निघालं असतं. दोन वर्षांपूर्वी तुझ्या औषधाच्या दुकानात, गिऱ्हाइकासमोर, “बाबा, ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देऊ नका” असं ती बोलली. गिऱ्हाइकासमोर बोलायला नको होतं, ते चुकलंच तिचं. पण तू जे बोललास, की पुन्हा या दुकानाची पायरी चढू नकोस, ते कुठल्या मापाने बरोबर होतं? तेव्हापासून दोघांची तोंडं दोन दिशांना.

गोळ्या संपत आल्यात. आणखी पाठव. दोरा सैल बांध.

आई

शुक्रवार, २१ मार्च

थोरल्या,

ही गोळी कोणती आहे, ते मला परतीच्या टपालाने कळव.

आता पुढचं सांगते. तीन बुधवार झाले, माझी रांग पाण्यासारखी. शेजारची रांग पिवळी, तिच्या शेजारची पिवळी, माझी आपली नळाचं पाणी भरून ठेवल्यासारखी. पहिल्या वेळी ढब्बूला वाटलं तिचाच हात चुकला. दिवसभर उपाशी राहून पुन्हा केलं. दुसऱ्या वेळी पुन्हा तेच. पेशी आहेत, मोजून आहेत, खाजेची पुडीसुद्धा थोडीबहुत फोडतात, पण चिठ्ठी लिहीत नाहीत.

मग तिने माझी पाठ बघितली. गांधी नाहीत. पोटही बघितलं. आणि ती नाचायला लागली रे, त्या काचेच्या भांड्यांच्या मधे! “आजी, तुझ्या पेशी आपोआप गप्प झाल्या! त्या गप्प झाल्या आणि तुझ्या गांधी गेल्या! तीन वर्षं मी हेच शोधतेय!” मला म्हणाली, तुझं नाव नाही लिहिता येणार, पण अठरा नंबर म्हणून तू छापली जाणार. पुढच्या महिन्यात चोवीस तारखेला बाहेरगावची मोठी माणसं येणार आहेत, त्यांच्यासमोर ती हे मांडणार.

मी काय केलं असेन? मीही हसले. टाळ्या वाजवल्या. बसमध्ये मात्र उतरायचा थांबा चुकला, दोन थांबे पुढे जाऊन चालत मागे आले. पाय भरून आले ते अजून उतरले नाहीत.

परवाचा बुधवार त्याहून वाईट. मी स्टुलावर बसले होते, कापूस दाबून. तिच्या मोठ्या बाई आल्या, ढब्बूला शिकवतात त्या. कागद बघितला, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, “पुडी फुटते आणि सायटोकाइन बंद? अशी तऱ्हा स्टेरॉइड घेणाऱ्यांची असते. ह्या अठरा नंबरला नीट विचारलंस का?”

ढब्बू म्हणाली, “मॅडम, ती माझी आजी आहे. ती खोटं बोलत नाही.”

मी तिथेच बसले होते. कापूस दाबून.

गोळीचं नाव कळव.

आई

गुरुवार, ३ एप्रिल

थोरल्या,

तुझं पत्र आलं. पाच ओळी. “साधी गोळी आहे, तुला बरं वाटतंय ना, मग गप्प राहा, तिला सांगितलंस तर ती म्हणणारच की बघा, मी म्हटलं होतं.” म्हणजे गोळी तीच. जिच्यावरून तुम्ही भांडलात तीच. नावाची कड का कापलीस, ते आत्ता कळलं मला. मला वाटत होतं पुडक्यात मावावी म्हणून.

तुझ्यावर रागावायला मला ताकद नाही. तू आईचं खाजणं बघवेना म्हणून पाठवलीस, हे मला समजतं. लहानपणी माझं डोकं दुखायचं तेव्हा तू ओला रुमाल आणून माझ्या डोक्यावर ठेवायचास आणि पिळायला विसरायचास, सगळी उशी भिजायची. तोच तू. अजून पिळायला विसरतोस.

पण ऐक. ती पोर तीन वर्षं सुट्टी न घेता त्या थंड खोलीत उभी आहे. चोवीस तारखेला ती दहा जणांसमोर उभी राहून सांगणार, की अठरा नंबरच्या पेशी आपोआप गप्प झाल्या. आपोआप! मी रोज सकाळी चहाबरोबर त्यांचं तोंड दाबत होते आणि मंगळवारी दोन्ही हातांनी. उद्या कुणीतरी तिचं लिहिलेलं वाचून त्यावर आणखी काही उभं करेल. आणि कधीतरी ते पडलं की सगळे म्हणतील, ढब्बूचं काम खोटं.

ती म्हणेल, मी म्हटलं होतं. म्हणू दे. खरंच म्हटलं होतं तिने.

शनिवारी ती माझ्याकडे येणार आहे. सांगणार मी.

आई

रविवार, ६ एप्रिल

थोरल्या,

सांगितलं.

ती खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती, लहानपणी बसायची तशी, चहात बिस्किट बुडवत. मी पट्ट्या आणून तिच्या मांडीवर ठेवल्या. म्हटलं, ह्या तुझ्या बाबाने पाठवल्या आणि मी घेतल्या. जानेवारीपासून. आणि मंगळवारी दोन.

बिस्किट कपात पडलं. तिने ते काढलंही नाही.

“मंगळवारी दोन का?”

“तुझ्यासमोर नीट दिसावं म्हणून.”

मला वाटलं ओरडेल. ओरडली नाही रे. कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवत बसली. मग म्हणाली, “आजी, मी मॅडमना तुझ्याबद्दल काय सांगितलं माहितेय ना?” मी म्हटलं, माहितेय, मी ऐकलं. मग ती रडली. मी नाही रडले. मला रडायचाही कंटाळा आला होता, इतके दिवस मनात तेच दळत होते.

डोळे पुसून लगेच कामाला लागली, तुझ्यावर गेलीय. म्हणाली, दोन गोष्टी. एक, ही गोळी एवढे महिने घेतल्यावर उद्यापासून एकदम बंद करायची नाही, अंगाला धोका असतो, डॉक्टरांकडे जाऊन पायरी पायरीने उतरवायची. पण डॉक्टर आधी विचारणार, कोणती, किती मिलिग्रॅमची? दुसरं, तिच्या कामासाठी नक्की तारीख हवी. कोणत्या दिवसापासून माझी रांग फेकून द्यायची आणि कुठवर ठेवायची.

मी म्हटलं, मला गोळीचा रंग माहितेय. ती म्हणाली, आजी, निम्म्या गोळ्या पांढऱ्याच असतात.

तेव्हा हे फक्त तुला माहितेय. तुझ्या दुकानातून कधी काय निघालं ते तू लिहून ठेवतोस, हे मला माहितेय, तुझी वही माझ्यापेक्षा व्यवस्थित आहे. हे पत्र मी कुरियरने धाडतेय. खाली तिच्या प्रयोगशाळेचा फोन नंबर लिहिलाय, तिच्याच अक्षरात. मी लिहायला सांगितला. तिने लिहिला. तिने “कशाला?” विचारलं नाही, हे ध्यानात घे.

मी तुला कधी काही मागितलं नाही असं म्हणत नाही, आयुष्यभर मागतेच आहे. पण हे एक कर.

आई

गुरुवार, १७ एप्रिल

थोरल्या,

तू केलास फोन.

मी तिथेच होते, तुला माहीत नव्हतं. ढब्बूने फोनचा तो मोठ्याने बोलायचा खटका दाबला आणि माझा चांगला कान त्याच्याकडे वळवला. म्हणून सगळं ऐकलं. तू दुकानातल्या आवाजात सुरू केलंस, जसा मालाची यादी वाचतोस. गोळीचं नाव. पाच मिलिग्रॅम. पहिलं पुडकं तीन जानेवारीला निघालं, दुसरं दहा फेब्रुवारीला, तिसरं पंधरा मार्चला. डॉक्टरांची चिठ्ठी नाही. हे शेवटचंही तू तसंच वाचलंस, यादीतलं असल्यासारखं. मला कळलं ते वाचायला तुला किती जड गेलं.

ती लिहून घेत होती. पेन थांबलं तरी दोघांनी फोन ठेवला नाही.

मग तू विचारलंस, “आईला उतरवायची कशी?”

पाचची असली तर कसं, दहाची असली तर कसं, हे डॉक्टरांनी तिला आधीच लिहून दिलं होतं, त्यातलं पाचचं तिने वाचून दाखवलं. इतके दिवस इतकी, मग अर्धी, मग एक दिवसाआड, चक्कर आली तर लगेच दाखवायचं. आणि तू ते सगळं परत म्हणून दाखवलंस, एक एक ओळ, “बरोबर?” “बरोबर.” “पुढे?” तू डॉक्टरांचा फोन आला की असंच करतोस. मी तीस वेळा बघितलंय तुझ्या गल्ल्याशेजारी बसून. आपल्या पोरीचं बोलणं तू डॉक्टरांचं लिहून घेतल्यासारखं लिहून घेतलंस. फोन ठेवल्यावर तिने पाठ फिरवली आणि बराच वेळ नुसता नळ सोडून हात धूत बसली. मोजे न काढता.

“मी म्हटलं होतं” असं ती म्हणाली नाही. एकदाही नाही.

चोवीस तारखेचं तिचं बोलणं रद्द झालं. तिनेच मोठ्या बाईंकडे जाऊन सांगितलं. मीही गेले सोबत, नको म्हणत होती तरी. बाईंना म्हटलं, खोटं मी बोलले, ही नाही. त्या चष्मा वर करून माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, “आजीबाई, आमच्याकडे शिकलेली माणसंसुद्धा एवढं येऊन सांगत नाहीत.” ढब्बूची पदवी सहा महिने पुढे गेली. जानेवारीपासूनच्या माझ्या सगळ्या रांगांवर तिने तांबड्या पेनने रेघ मारली, माझ्यासमोर, पट्टी धरून. सरळ मारली. मला ते बघवलं नाही आणि नजरही काढता आली नाही.

दमलेय. आज इतकंच.

आई

शुक्रवार, १३ जून

थोरल्या,

गोळी सुटली. पूर्ण. सुटून पाच आठवडे झाले. आणि गांधी परत आल्या, अगदी माहेरी आल्यासारख्या, पाठीवर आधी, मग मांड्या, मग पोट. डॉक्टरांनी दुसरी गोळी दिलीय, पट्टी अख्खी आहे, नाव ठळक आहे, ढब्बूच्या वहीत लिहिलेलं आहे. पण रक्त द्यायच्या आधी आठवडाभर तीही बंद ठेवायची, म्हणून बुधवारपर्यंतचा आठवडा लाटण्याचाच गेला. शेजारीण म्हणते, अहो, तुम्हाला काय पडलंय ह्या वयात? तिला काय सांगू? तिला मी अजून लोकरच सांगितलेली आहे.

परवा बुधवारी गेले. फॉर्म भरताना ढब्बूने विचारलं, “काही गोळ्या?” मी बीपीची सांगितली, कधी घेतली ते सांगितलं, गेल्या सोमवारी खोकल्याची एक वडी चोखली ती सांगितली, शेजारणीने गुडघ्याला मलम लावलं ते सांगितलं. जागा पुरली नाही. तिने कागद उलटा करून मागे लिहिलं. तोंड गंभीर ठेवायला बघत होती, जमत नव्हतं.

संध्याकाळपर्यंत थांबले मी. पाय सुजले, पण थांबले. तिने शेवटचं औषध टाकलं. आधी निळा रंग चढलेला असतो, तो मग पिवळा होतो. शेजारची रांग, तिच्या पलीकडची, आणि मग माझी. पहिला खळगा, दुसरा, तिसरा. पिवळ्याधमक. लिहीत होत्या रे चिठ्ठ्या, माझ्या त्या एवढुशा. पाठीला आग लागली होती आणि मी त्या पाटीकडे बघून एकटीच हसत होते. शिपायाने विचारलं, “काय झालं, आजी?” मी म्हटलं, बोलायला लागल्या.

आता खरं कारण, ज्यासाठी हे पत्र. ढब्बूला आपल्या घरातलंच, पण गांधी न उठणारं एक माणूस हवंय, माझ्या रांगेशेजारी ठेवायला. पंचवीस तारखेच्या बुधवारी, सकाळी नऊला. रक्त ताजंच लागतं, त्या पेशी थांबत नाहीत कुणासाठी. ती म्हणाली, “आजी, तू सहज विचारल्यासारखं बाबांना विचार. मी सांगितलंय असं सांगू नकोस.”

तर तिने सांगितलंय. मी आता कुणाचं काही पोटात ठेवत नाही, मला झेपत नाही.

आदल्या रात्रीच ये, माझ्याकडे झोप. सूनबाईलाही आण. आणि येताना गोळी आणू नकोस. पोटातही नको, खिशातही नको.

आई